दर चौदा दिवसांनी एक सुई

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यातल्या एका ताई लिहितात, “आमच्या गोठ्यात ९ संकरित होल्स्टीन गाई आहेत, त्यातल्या ६ दुधात. सरासरी १२ लिटरच्या आसपास पडते. गोठा बांधायला आणि दोन गाई घ्यायला कर्ज काढलंय. दुधाचे हातात लिटरला २८ रुपये येतात. धारा, वैरण, शेणघाण मी आणि सासूबाई बघतो. डेअरीला दूध घालणं, पेंड आणणं आणि हिशेब ह्यांच्याकडे. शेजारच्या गावात ह्यांच्या मित्राचा ३० गाईंचा गोठा आहे. तो दर १४ दिवसांनी गाईंना ‘ग्रोथ हार्मोन’ची सुई देतो, ७०० रुपयांची एक. विकणारा सांगतो, ४ लिटर दूध वाढतं, अमेरिकेत तीस वर्षांपासून सरकारमान्य आहे, शिकलेला शेतकरी हेच वापरतो. ह्यांनी मला न सांगता आमच्या सगळ्यात चांगल्या गाईला दोन सुया दिल्या. १६ लिटरची गाय १९ वर गेली. पण व्यायला साडेतीन महिने झाले तरी तिचा माज दिसला नाही आणि पाठीची हाडं वर आलीत. सासरे म्हणतात, हे गाईला पिळण्याचं पाप. हे म्हणतात, असंच घाबरत बसलो तर कर्ज फिटायचं नाही. माझी मुलगी ५ वर्षांची आहे, घरचंच दूध पिते. अशा दुधानं मुली लवकर वयात येतात असं मोबाईलवर वाचलं. नको म्हणाले तर मी अडाणी ठरते, हो म्हणाले तर माझ्याच हातानं गाईचं नुकसान. काय करू?”

ताई,

आधी आजच करायच्या दोन गोष्टी सांगतो, मग सविस्तर बोलू. त्या गाईला तिसरी सुई देऊ नका. आणि आधीच्या सुईची बाटली, नळी, खोका, जे काही उकिरड्यावर गेलं नसेल ते शोधून जपून ठेवा. तुमच्या पशुवैद्यकांना ते बघायला लागेल. सुई थांबवल्यानं गाईला धक्का वगैरे बसत नाही. हे खरंच ते हार्मोन असेल तर वाढलेलं दूध थोड्या दिवसांत आपसूक पहिल्या जागी येईल.

बाटली जपायला सांगतोय, कारण त्यात काय होतं हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. आपल्याकडे ‘हार्मोनची सुई’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू फिरतात. एक ऑक्सिटोसिन. त्यानं गाय पान्हा सोडते, बस. कासेत तयार झालेलं दूध खाली येतं, नवीन दूध तयार होत नाही. धारेच्या आधी मिनिटभर टोचलं की लगेच परिणाम दिसतो आणि पुढच्या धारेला परत टोचावं लागतं. वासरू मेलेल्या गाईला, म्हशीला लोक ते रोज टोचतात आणि मग ती त्याशिवाय पान्हाच सोडत नाही. दुसरी वस्तू म्हणजे गाईचं वाढ-संप्रेरक, बोव्हाइन सोमॅटोट्रोपिन. ते गाईच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीत मुळातच तयार होतं. ते वरून जास्त दिलं की गाईचं शरीर खाल्लेल्यातला आणि अंगावरच्या साठ्यातला मोठा वाटा कासेकडे वळवतं. दोन आठवड्यांनी एक सुई, ही त्याचीच खूण. तुमच्या वर्णनावरून ते दुसरं वाटतंय. पण लेबल वाचता येत नसेल, बिल मिळत नसेल, तर बाटलीत काय आहे याची खात्री फक्त विकणाऱ्याच्या तोंडावर राहते.

आता अमेरिकेचं. विकणाऱ्यानं जे सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धंच सांगितलंय. उरलेलं अर्धं तुमच्या यजमानांच्या कानावर जायला हवं, म्हणून थोडं लांबवतो.

हे हार्मोन दूध वाढवतं हे नवं नाही. १९३७ मध्ये सोव्हिएत रशियात शेकडो गाईंना पीयूष ग्रंथीचा कच्चा अर्क टोचून हे पाहिलं गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात दुधाची टंचाई आली तेव्हा इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनीही त्याचा विचार केला. अडचण एवढीच की, कत्तलखान्यातून मिळणाऱ्या ग्रंथी पुरणार कशा? ती अडचण सुटली जनुक-तंत्रानं. गाईचा तो जनुक जिवाणूत घालून टाकीत हार्मोन तयार करता येऊ लागलं. १९८२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डेल बाउमन यांच्या गटानं असं तयार केलेलं हार्मोन गाईंना देऊन निकाल छापले, आणि चार मोठ्या कंपन्या शर्यतीत उतरल्या. ५ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मोन्सँटो कंपनीच्या पोसिलॅकला परवानगी दिली आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये ते बाजारात आलं. ५०० मिलिग्रॅमची मात्रा, व्याल्यानंतर नवव्या आठवड्यापासून, दर १४ दिवसांनी, गाय आटेपर्यंत.

त्या काळात मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नवा होतो. हे वाचून इतका भारावलो की, एका मेळाव्यात उभं राहून सांगितलं, पाच वर्षांत आपल्याकडेही हे येईल आणि दुधाचा प्रश्न सुटेल. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “डॉक्टर, दूध वाढंल, पण ते वाढायला गाय खाईल काय?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढं तिकडचे आकडे येत गेले तसतसं कळत गेलं की, सगळी मेख त्या प्रश्नातच होती.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहणीत २००२ मध्ये देशातल्या सुमारे २२ टक्के गाईंना हे हार्मोन दिलं जात होतं. म्हणजे ऐन भरातही पाचातली एकच गाय. २००७ मध्ये ते १७ टक्क्यांवर आलं, २०१४ मध्ये १५ टक्क्यांच्या खाली. ‘शिकलेला शेतकरी हेच वापरतो’ असं ज्याला वाटतं त्यानं हे आकडे बघावेत. कायद्यानं मोकळीक असलेल्या, पैसे असलेल्या, शिकलेल्या शेतकऱ्यांतल्या बहुतेकांनी ते घेतलंच नाही, आणि घेतलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी नंतर सोडून दिलं.

घेतलं कुणी, हे त्याहून महत्त्वाचं. २००२ मध्ये ५०० च्या वर गाई असलेल्या निम्म्याहून जास्त गोठ्यांत ते होतं, आणि लहान गोठ्यांत दहातल्या एकातही नव्हतं. खरं तर सुईला मोठा गोठा लागत नाही. ना यंत्र, ना इमारत. एका गाईलाही देता येते. कंपनी हेच सांगायची, लहान-मोठा सगळ्यांना सारखंच उपयोगी. पण सुईच्या मागं जे लागतं ते सगळ्यांकडे सारखं नव्हतं. रोज तोलून, एकत्र मिसळून दिलेला संतुलित आहार, प्रत्येक गाईच्या दुधाची नोंद, गाभण तपासणीचं पक्कं वेळापत्रक, हे ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांच्याकडे सुई चालली. बाकीच्यांकडे गाय आधी दुधावर चढली, मग अंगानं उतरली. कॉर्नेलमधल्याच लॉरेन टॉवर या अर्थशास्त्रज्ञानं न्यूयॉर्क राज्यातल्या गोठ्यांचे हिशेब वर्षानुवर्षं तपासले. दूध वाढलेलं दिसत होतं, पण नफा नक्की वाढला असं काही त्या आकड्यांतून सिद्ध होईना.

विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही तिकडची जुनी दुधाची राज्यं, बहुतेक घरचे लहान गोठे. तिथल्या शेतकऱ्यांनी १९९० मध्ये, परवानगी मिळायच्याही आधी, राज्य सरकारांकडून या हार्मोनवर तात्पुरती बंदी आणवली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. दूध आधीच जास्त आहे, भाव पडलेला आहे. आणखी दूध ओतलं तर भाव आणखी पडणार आणि आधी आम्ही उठणार. १९९२ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३१ हजार परवानाधारक गोठे होते, २०२३ मध्ये सुमारे २६ हजार उरले. हे हार्मोनमुळं झालं असं मी म्हणणार नाही, त्याला कारणं पुष्कळ आहेत. पण ज्यांना भीती वाटत होती ते अडाणी नव्हते, एवढं नक्की.

कॅनडानं १९९९ च्या जानेवारीत परवानगी नाकारली, आणि कारण माणसाच्या नव्हे, गाईच्या आरोग्याचं दिलं. तिथल्या पशुवैद्यकांच्या समितीनं उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दूध ११ ते १६ टक्के वाढलेलं दिसलं. त्याचबरोबर कासदाहाचा, म्हणजे कास सुजून दूध नासण्याचा, धोका सुमारे २५ टक्क्यांनी, गाय गाभण न राहण्याचा ४० टक्क्यांनी आणि लंगडण्याचा ५५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. युरोपीय संघानंही त्याच वर्षी कायमची बंदी घातली, तीही जनावरांच्या कल्याणाच्याच मुद्द्यावर. सगळ्या शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी पुन्हा सगळे प्रयोग तपासून कासदाह वाढत नाही असं मांडलं. पण ताई, पोसिलॅकच्या बरोबर येणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पत्रकातच कासदाह वाढू शकतो, गर्भधारणेचं प्रमाण घटू शकतं, असे इशारे छापलेले असायचे. तुमच्या यजमानांच्या मित्रानं असं पत्रक कधी वाचलंय का, हे जरूर विचारा.

पुढं बाजारच फिरला. २००८ च्या सुमारास स्टारबक्स ही कॉफीची साखळी आणि क्रोगर, वॉलमार्ट ही मोठी दुकानं यांनी आपण वापरू किंवा आपल्या नावानं विकू ते दूध या हार्मोनशिवायच्या गाईंचं असेल असं ठरवलं, आणि त्याच वर्षी मोन्सँटोनं हा धंदा एलँको कंपनीला विकून टाकला.

आता तुमच्या गोठ्यात येऊ. विकणाऱ्यानं सांगितलेले ४ लिटर आधी कागदावर घेऊ. १४ दिवसांचे ५६ लिटर, २८ रुपयांनी १,५६८ रुपये. त्यातून सुईचे ७०० गेले. दर जादा लिटरला ४०० ग्रॅम जादा खुराक हा आपला नेहमीचा हिशेब, म्हणजे साडेबावीस किलोच्या आसपास पेंड. ३२ रुपये किलो धरली तर ७१७ रुपये. उरले १५१ रुपये. चौदा दिवसांत, एका गाईमागे, सगळं जमून आलं तर.

पण तिकडच्या प्रयोगांत वाढ ११ ते १६ टक्के आहे, आणि ती तिकडच्या आहारावरच्या गाईंमध्ये. तुमच्या १२ लिटरच्या गाईत ती सव्वा लिटर ते जेमतेम दोन लिटर होते. २ लिटरच धरू. २८ लिटरचे ७८४ रुपये. सुई ७००, पेंड ३५८. दर १४ दिवसांनी २७४ रुपयांचा तोटा, आणि सुई मात्र वेळेवर दिल्याचं समाधान. चांगल्या गाईचे ३ लिटर वाढले हे मी नाकारत नाही. पण त्या ३ लिटरचा खुराक तिला मिळाला का? पत्रात पेंड वाढवल्याचा उल्लेख नाही, आणि पाठीची हाडं वर आलीत असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ते जादा दूध गोणीतून आलं नाही, गाईच्या अंगातून आलं. गाय अशी खंगू लागली की दुधातलं प्रोटीन उतरतं, मग एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक, ८.५ टक्क्यांच्या खाली जाऊन दरातही कपात लागते. डेअरीच्या पावत्या काढून त्या महिन्याचा एसएनएफ बघा.

आणि ज्याची नोंद कुठल्याच पावतीवर होत नाही तो खर्च सगळ्यात मोठा. गाय एक माज चुकली की २१ दिवस वाढले. तिच्या चाऱ्या-पाण्याचे दिवसाला १५० रुपये धरले तरी ३,१५० रुपये. तुमच्या घरात हिशेबाची वही दूध मोजते; माज, रेतन आणि भाकड दिवस मोजत नाही. ते मोजण्याची सोय असेल तर ती गोठ्यात उभं राहणाऱ्या माणसाकडे, म्हणजे तुमच्याकडे आणि सासूबाईंकडे आहे.

म्हणून ‘नको म्हणाले तर मी अडाणी’ हे वाक्य मला पटलं नाही. पाठीची हाडं तुम्हाला दिसली. माज आला नाही हे तुम्ही ओळखलं. अमेरिकेतल्या मोठ्या गोठ्यात हे ओळखायला पगारी माणूस ठेवतात. नवं तंत्र म्हणून घ्यायचं किंवा नवं म्हणून नाकारायचं, या दोन्हींत विचार नसतो. कृत्रिम रेतनही एके काळी नवंच होतं, घरोघर त्याला विरोध झाला, आणि आज तुमच्या गोठ्यातली प्रत्येक गाय त्याच्यामुळं उभी आहे. प्रश्न एवढाच विचारायचा की, या सुईला जे मागं लागतं ते माझ्याकडे आहे का, आणि तिचा बोजा कोण उचलणार?

मुलीबद्दल. आई म्हणून जिवाला घोर लागणं मी समजू शकतो, पण ही भीती बरीचशी उतरवून ठेवा. गाईचं हे हार्मोन माणसाच्या शरीरात काम करत नाही, त्याची घडणच वेगळी आहे. शिवाय ते प्रथिन आहे, पोटात पचून जातं. प्रत्येक गाईच्या दुधात ते थोडंसं असतंच, सुई न दिलेल्या गाईच्याही. अन्नातल्या घटकांची तपासणी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं १९९० च्या दशकात दोनदा तपासून माणसाला धोका नसल्याचं सांगितलं. हार्मोन दिलेल्या गाईच्या दुधात आयजीएफ-१ नावाचा घटक थोडा वाढतो आणि त्यावर युरोपातल्या काही शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या, हे खरं. पण या दुधानं मुली लवकर वयात येतात असं सिद्ध झालेलं नाही. मला मुलीच्या पेल्याची काळजी दुसऱ्या कारणानं वाटते. बाटलीत नेमकं काय होतं ते माहीत नाही, आणि अशा गाईला कासदाह झाला की प्रतिजैविकं दिली जातात. ती दिल्यावर औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत दूध घरातही नको आणि डेअरीलाही नको. हा नियम मात्र हार्मोन असो-नसो, कायमचा पाळा. बाटलीची शहानिशा होईपर्यंत मुलीला दुसऱ्या गाईचं दूध द्या, उकळून.

सासऱ्यांचा ‘पाप’ हा शब्द तुमच्या यजमानांना टोचला असणार. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला पाप-पुण्य ऐकवलं की तो आणखी हट्टाला पेटतो. पण म्हातारबा जे सांगताहेत ते कायद्यातही आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं बारावं कलम म्हणतं की, दूध वाढवण्यासाठी फुका (जनावराच्या मागच्या अंगात हवा फुंकणं) किंवा जनावराच्या आरोग्याला घातक अशी कोणतीही क्रिया करणं, त्यात कुठलाही पदार्थ टोचणंही आलं, हा गुन्हा आहे. १,००० रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. जनावर सरकारजमा होऊ शकतं, आणि तुमच्या गोठ्यावर तर कर्ज आहे. हे वाक्य वादात नको, शांतपणे एकदा कानावर घाला.

यजमानांशी बोलायची वेळ नीट निवडा. मित्रासमोर नको, जेवताना नको. पावत्या, ही गणितं आणि एक कोरी वही घेऊन बसा. “मला न सांगता का दिली” यानं सुरुवात केलीत तर बोलणं तिथंच संपेल. राग रास्त आहे, तो नंतर बोला. आधी विचारा की, हप्ता भरायला महिन्याला नक्की किती कमी पडतात. मला शंका आहे की, हा आकडा तुमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारलेलाच नाही. तो चार-पाच हजार निघाला तर तो सुईशिवाय कुठून येईल हे दोघांना मिळून शोधता येतं. तो वीस हजार निघाला तर सहा गाईंना सुया देऊनही तो भरणार नाही; मग बँकेत जाऊन हप्त्यांची फेरमांडणी मागणं किंवा कमी दुधाची एक गाय विकणं हाच मार्ग. मुळात भावाचं दुखणं तुमच्या गोठ्यातलं नाही. सरकारनं २०२३ मध्ये ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला ३४ रुपये दर ठरवला, आणि काही महिन्यांतच दर इतका खाली आला की २०२४ च्या सुरुवातीला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायची वेळ आली. विस्कॉन्सिनवाले १९९० मध्ये जे म्हणत होते ते हेच. भाव पडलेला असताना खर्च करून दूध वाढवायचं, की आहे त्या दुधाचा खर्च उतरवायचा, हे दोघांनी बसून ठरवायचं.

खर्च उतरवण्याच्या, आणि दूधही वाढवण्याच्या, काही गोष्टी सांगतो. तुमच्याकडे गाई दावणीला बांधून ठेवत असाल असं धरतो.

पहिलं पाणी. दुधातल्या गाईला दिवसाला ७०-८० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त लागतं, आणि आपण दोन-तीनदा बादली दाखवतो. मी नोकरीत असताना गोठ्यात गेलो की आधी विचारायचो, रात्री दहा वाजता गाईला तहान लागली तर ती काय करते? गव्हाणीशेजारी चोवीस तास भरलेली हौदी ठेवल्यावर कसलीही सुई न देता दूध वाढलेलं मी इतक्या गोठ्यांत पाहिलंय की, हा सल्ला देताना मला जराही धाकधूक वाटत नाही. कुंपण घालून दिवसभर मोकळं सोडता आलं तर त्याहून चांगलं. मोकळ्या गाईचा माजही लगेच दिसतो.

दुसरं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ऊसपट्ट्यात तोडणी सुरू झाली की गाई महिनोन्‌महिने उसाच्या वाढ्यावर असतात. त्यातलं ऑक्झलेट गाईच्या अंगातला कॅल्शियम ओढून घेतं. गाई उलटतात, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाहीत, माज मुका राहतो, म्हणजे येऊनही दिसत नाही, त्याला हेही एक कारण असतं. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, वाढं निम्म्यावर आणा, बाकी मक्याचा मुरघास किंवा कडबा आणि थोडा लसूणघास. प्रत्येक दुधाच्या गाईला रोज ५० ते १०० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण. आणि पेंड सगळ्या गाईंना सारखी ओतू नका. शरीराला दीड-दोन किलो आणि वर दुधाप्रमाणे, असं मोजून द्या. सहा लिटरच्या गाईच्या पुढ्यातली दोन किलो पेंड उचलून सोळा लिटरच्या गाईला दिली तर खर्च तोच राहतो आणि दूध वाढतं.

तिसरं कास. न दिसणारा कासदाह सीएमटी चाचणीनं पाच मिनिटांत कळतो. पशुवैद्यकांकडे किंवा तुमच्या दूध संघाच्या डॉक्टरांकडे ते द्रावण मिळेल. महिन्यातून एकदा सगळ्या गाईंचे चारही सड तपासा. धार झाली की सड जंतुनाशकात बुडवा आणि गाय अर्धा तास उभी राहील अशी वैरण टाका, म्हणजे उघड्या तोंडाचे सड शेणात टेकणार नाहीत. व्यायच्या आधी ६० दिवस आटवणं टाळू नका. कर्जवाल्या घरात शेवटच्या महिन्यापर्यंत धार काढायचा मोह होतो, आणि त्याची भरपाई पुढचं अख्खं वेत करत बसतं.

ज्या वाचकांकडे वीस-पंचवीस गाईंचे गोठे आहेत, मोजून आहार आहे, नोंदी आहेत आणि ज्यांना वाटतं की आपल्याकडे सुई चालेल, त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. विकणारा तुम्हाला परवाना क्रमांक छापलेलं पक्कं बिल देतो का? आणि तुमचा पशुवैद्यक ती चिठ्ठीवर लिहून द्यायला तयार आहे का? या दोन्हींची उत्तरं ‘हो’ येत नाहीत तोवर पुढं बोलण्यासारखं काही नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत होल्स्टीन गाय आधीच धापा टाकत असते. सुई दिल्यावर अंगाचं तापमान थोडं वाढू शकतं, हेही त्याच पत्रकात लिहिलेलं असायचं.

ताई, आता पुन्हा तुमच्या त्या गाईकडे. माज दिसत नाही म्हणजे सुईच कारण असं लगेच धरू नका. व्याल्यानंतरची अशक्तता, वाढं, गर्भाशयातला दोष, मुका माज, काहीही असू शकतं. पशुवैद्यकांना बोलवा आणि दोन सुया दिल्यात हे लपवू नका. तारखा सांगा, बाटली दाखवा. यजमानांना लाज वाटत असेल तर तुम्ही सांगा. ते तिचा ओटीपोटातला तपास करतील, गरज असेल तर उपचार देतील. तोवर तिचा खुराक एकदम वाढवू नका, पोट बिघडेल. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो अशानं चढवा, वैरण आणि पाणी पोटभर. दूध १६ वर येईल, कदाचित थोडं खालीही. ते बघून घरात कुणी “बघ, सुई थांबवली आणि दूध गेलं” म्हणेल. त्या दिवशी पाठीवरून हात फिरवून हाडं किती लागतात ते बघा आणि वहीत लिहा. दर रविवारी लिहा. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, शक्यतो पहाटे लवकर, नुसतं उभं राहून तिच्याकडे बघा. हंबरते का, शेपटीशी चिकट सोट दिसतो का, दुसऱ्या गाईंना चढू देते का. दिसलं की वेळ लिहा. पहाटे दिसलं तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या सकाळी. आणि या वेळी डॉक्टरांना फोन यजमानांना करू द्या.